सही होण्याआधी काळजीचे तास मोजा

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई

तसंच लोक अदालतीच्या पॅनेलवर बसणारे न्यायाधीश आणि वकील, आणि तडजोडीचे प्रस्ताव घेऊन येणारे विमा कंपन्यांचे अधिकारी यांना,

स. न. वि. वि.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे इजेनंतर रोजची कामं पुन्हा कशी जमवायची ते शिकवते. मणक्याला किंवा मेंदूला मार बसलेल्या माणसांच्या घरी जाऊन काम करते, लालबागपासून कळव्यापर्यंत. वकील नाही, त्यामुळे कायद्याची भाषा कुठे घसरली तर सांभाळून घ्या. पण अपघाताच्या क्लेमचे पैसे पुढे कुठे आणि किती दिवसांत संपतात, हे वकिलांपेक्षा मला जास्त दिसतं, कारण केस मिटल्यावर वकील पुढच्या फायलीकडे वळतात आणि माझं काम बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. घरात शिरल्यावर पलंगावरची गादी, युरोबॅगचा (लघवीच्या पिशवीचा) रंग आणि आईचे हात बघितले की हिशेब कळतो.

मागणी आधीच सांगून टाकते. ज्या माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या हातांची गरज लागणार आहे, त्याच्या दाव्यात त्या हातांचा खर्च मोजून कागदावर आल्याशिवाय तडजोड नोंदवू नका.

कोर्टाला किंवा सरकारला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा कमी पडला तर वर अपील करता येतं. लोक अदालतीतल्या निवाड्याला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे आणि त्यावर अपील नाही. फार तर हायकोर्टात रिट याचिका, तीही अगदी मोजक्या कारणांसाठी. दुसरी गोष्ट २००२ सालची: मोटार वाहन कायद्यात अंतिम निवाड्यानंतर पुन्हा नवा निवाडा देण्याची सोयच नाही, म्हणून पुढच्या आयुष्यभराचा उपचारखर्च त्या एकाच वेळी धरला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा स्पष्ट सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. लोक अदालतीच्या त्या शनिवारी टेबलावर जे मोजलं गेलं नाही, ते पुढची चाळीस वर्षं कोणीही मोजणार नाही.

आता काळजी म्हणजे नेमकं काय, ते जरा सविस्तर सांगू द्या, कारण तडजोडीच्या बोलण्यात हा विषय ‘अटेंडंट वगैरे’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. मान मोडून चारही हातपाय गेलेल्या तरुण मुलाचा दिवस घ्या. सुरुवातीच्या काळात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून लघवी काढायची, किंवा कायमची नळी असेल तर ती तुंबत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. संडासचा कार्यक्रम एक दिवसाआड, आणि त्याला तास-दीड तास जातो. अंघोळ, दात घासणं, भरवणं, बसवणं, उठवणं, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणं. वरच्या मणक्याची इजा असेल तर नळी मुडपल्यासारख्या क्षुल्लक कारणानं रक्तदाब एकदम भडकतो, डोकं फुटेल असं दुखतं, घाम फुटतो. शेजारच्या माणसाला हे कशामुळे होतंय ते कळलं तर नळी सरळ करून पाच मिनिटांत निभावतं. नाही कळलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे हे हात शिकलेले हवेत. रिकामे आहेत म्हणून कोणाचेही हात चालत नाहीत.

हे सगळं मुंबईतल्या घरात. दहा बाय बाराची खोली, पलंगाच्या एका बाजूला भिंत, त्यामुळे माणूस एकाच बाजूनं उचलावा लागतो. चाळीतला सार्वजनिक संडास व्हीलचेअरच्या कामाचा नाही. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत सहाव्या मजल्यावर घर आणि लिफ्ट बंद असेल तर साध्या एक्स-रेसाठी चौघांनी खुर्ची उचलून उतरवायची. ब्युरोचे मामा, म्हणजे एजन्सीतून पगारावर येणारे मदतनीस, बदलापूरहून येतात. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की दहा वाजता पोचतात, तोवर माणूस रात्रीच्याच ओल्या चादरीवर. दोनदा-तीनदा असं झालं की माकडहाडापाशी कातडी लाल होते, तिसऱ्या आठवड्यात तिथे खड्डा पडतो, आणि मग बेडसोरची शस्त्रक्रिया, दोन-तीन महिने पालथं झोपणं आणि नवं कर्ज. हे दुर्दैव म्हणून सांगत नाही. काळजीचे तास कमी पडले की हे होतंच.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवलेत. पूर्व द्रुतगती महामार्गावर टेम्पोनं उडवलेला डिलिव्हरीवाला, वय २७, मानेखाली सगळं गेलेलं. केस तिसऱ्या वर्षी लोक अदालतीत मिटली, सगळं मिळून ३४ लाखांना. घरच्यांना ती रक्कम डोंगराएवढी वाटली, आणि का वाटू नये? त्यांनी आयुष्यात एकत्र पाहिलेली सगळ्यात मोठी रक्कम होती ती. हॉस्पिटलसाठी सोनं गहाण पडलं होतं, आईच्या भावाकडून पैसे घेतले होते, ते फिटले. उरलेले ठेवीत गेले.

आता आपण तो कागद लिहून बघू. अपघाताआधी तो महिना १८ हजार कमवत होता. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरायचे, हे २०१७ पासून ठरलेलं आहे. म्हणजे २५,२००. वय २६ ते ३० साठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा, १७. नुसत्या बुडालेल्या कमाईचेच ५१ लाख ४० हजार ८०० होतात. डिलिव्हरी ॲपचे पैसे म्हणजे पगारपत्रक नव्हे, असं म्हणून समोरच्यानं घासाघीस केली असेल, तडजोडीत दोन पावलं मागं यावंच लागतं, हे मी समजू शकते. पण त्याच्या तडजोडीच्या पुरशिसमध्ये (सही करून दिलेल्या लेखी निवेदनात) काळजीखर्चाची ओळच नव्हती. शून्य लिहिलं असतं तर निदान कोणी विचारलं तरी असतं.

ती ओळ भरली तर काय दिसतं? आज मुंबईत ब्युरोतून बारा तासांच्या पाळीला माणूस घ्यायचा तर दिवसाला आठशेच्या खाली बोलणी होत नाहीत. महिन्याला २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. तोच १७ चा गुणक लावला तरी ४८ लाख ९६ हजार, आणि ही फक्त दिवसपाळी. रात्रपाळी आईकडे, फुकट. नळ्या, युरोबॅग, डायपर, अंडरपॅड, ग्लोव्ह्ज, आखडलेल्या स्नायूंच्या गोळ्या, लघवीच्या जंतुसंसर्गाचे अँटिबायोटिक्स, हे महिन्याला आठ हजार धरा. आणखी १६ लाख ३२ हजार. एअर मॅट्रेस वर्ष-दोन वर्षांत फुटते, व्हीलचेअरची उशी बसते, खुद्द खुर्ची पाचेक वर्षांनी खिळखिळी होते. ते अजून धरलेलंच नाही.

आणि इथे मला गुणकाबद्दलही बोलायचं आहे, कारण ‘गुणक लावला’ म्हटलं की न्याय झाला अशी समजूत आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जो तक्ता पक्का केला तो मुळात मृत्यूच्या दाव्यांसाठी: कमावता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांचं किती वर्षांचं उत्पन्न बुडालं? पंचविशीपर्यंत १८, मग १७, असं वयानुसार उतरत पासष्टीनंतर ५. कमाईला हे शोभतं, कारण कमाई साठीला थांबते, आणि एकरकमी पैशांवर व्याजही मिळतं. काळजी साठीला थांबत नाही, उलट वाढते. खांदे झिजतात, कातडी पातळ होते, रात्रपाळी करणारी आई गेलेली असते. व्याजाचं म्हणाल, तर बँकेचं व्याज आणि मामांच्या पगाराची वाढ साधारण बरोबरीनं चालली, तर १७ वर्षांचे पैसे १७ वर्षंच पुरतात. सत्ताविसाव्या वर्षी पडलेला मुलगा ४४ चा होईल तेव्हा खातं रिकामं. बावन्नाव्या वर्षी अपघात झालेल्या बाईंच्या वाट्याला ११ चा गुणक येतो. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना कोण उठवणार?

२०२० चा एक निकाल आपल्या पॅनेलवरच्या वकिलांना नक्की ठाऊक असेल. मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीचा. हायकोर्टानं तिच्या मदतनिसासाठी महिना २,५०० रुपये धरून ४४ वर्षांचे १३ लाख २० हजार दिले होते. सर्वोच्च न्यायालयानं ते अपुरे ठरवले, चोवीस तासांसाठी दोन माणसं लागतील असं मान्य केलं, प्रत्येकी महिना पाच हजार धरले आणि १८ चा गुणक लावून २१ लाख ६० हजार दिले. या निकालाचा मला आदर आहे. दोन पाळ्यांची दोन माणसं लागतात ही साधी गोष्ट त्यात लिहिलेली आहे, आणि तेवढी एक ओळ मी अनेक कुटुंबांना वाचून दाखवली आहे. पण रक्कम वाढताना वर्षं ४४ ची १८ झाली, तेही खरं. आणि पाच हजारांत मुंबईत मामा आठवडाभरही येत नाहीत. हा निकाल म्हणजे जमीन आहे, छत नाही. तडजोडीच्या टेबलावर मात्र तो छतासारखा वापरला जातो.

दुसरा गोंधळ टक्क्यांचा. सर्टिफिकेटवर ६० टक्के अपंगत्व आहे म्हणून खर्चही साठ टक्केच धरायचा, असं चालतं. २०१० पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की वैद्यकीय टक्का आणि कमाईची क्षमता बुडाल्याचा टक्का वेगळे असतात. तिसरी मोजणी मात्र कोणी करत नाही: दिवसाचे किती तास दुसरं माणूस लागतं? डोक्याला मार लागलेला एक गृहस्थ माझ्याकडे आहे. चालतो, बोलतो, जेवतो, सर्टिफिकेटवरचा टक्का बेताचा. पण गॅस चालू ठेवून निघून जातो, भांडुप स्टेशनवरून घराचा रस्ता विसरतो, मध्येच बायकोवर हात उगारतो. त्याला एकटं सोडता येत नाही, म्हणजे काळजीचे तास चोवीस. उलट दोन्ही पाय गेलेली पण हात धडधाकट असलेली माणसं मी लोकलच्या दिव्यांग डब्यातून रोज कामावर जाताना बघते. त्यांचा टक्का मोठा, तास कमी, पण त्यांना दर पाच-सहा वर्षांनी नवे पाय लागतात. कृत्रिम पाय एकदा घेऊन भागत नाही, दुरुस्ती आणि बदली धरायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मान्य केलेलं आहे. हाजीअलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत कोणत्याही सकाळी जाऊन बसलात तर अर्ध्या तासात हा फरक डोळ्यांनी दिसेल.

मग येतो पावत्यांचा प्रश्न. ‘माणूस ठेवलाय का? पावत्या दाखवा.’ पावत्या नसतात, कारण माणूस ठेवायला पैसेच नसतात, म्हणून बहिणीनं कॉलेज सोडलेलं असतं किंवा बायकोनं गारमेंटमधली नोकरी सोडलेली असते. ज्या घराची सगळ्यात जास्त ओढाताण झाली, त्याच घराचा खर्च कागदावर सगळ्यात कमी दिसतो. हे उघड उघड उलटं आहे, आणि यावर समोरच्या बाजूच्या वकिलांनाही टेबलाबाहेर काही उत्तर देता येत नाही.

विमा कंपन्यांचंही म्हणणं ऐकते. चाळीस वर्षं फाइल उघडी ठेवता येत नाही, त्यांना आकडा हवा असतो. शिवाय एकरकमी पैसे घरात टिकत नाहीत, भावाच्या रिक्षात नाहीतर विरारच्या खोलीत जातात, असंही ते म्हणतात, आणि ते काही अगदी खोटं नाही. पण आपल्याकडे दरमहा देण्याची रीत नवी आहे का? कामगार राज्य विमा योजनेत कामावरच्या इजेनं कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर वेतनाच्या ९० टक्के रक्कम दरमहा, हयात असेपर्यंत मिळते. मोटार अपघाताच्या भरपाईसाठी बँकांची ॲन्युइटी ठेव (दरमहा ठरावीक रक्कम परत देणारी) आहे, ती देशभर राबवा असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. तिची मुदत मात्र तीन ते दहा वर्षं. दहा वर्षांत मणका जुळत नाही. आयुर्विमा कंपन्या हयातीपर्यंतचं पेन्शन विकतात, दरवर्षी थोडं वाढणारंही. अपघाताच्या विमा कंपनीनं तडजोडीचा एक भाग म्हणून तसं पेन्शन विकत घेऊन दिलं तर तिची फाइल त्याच दिवशी बंद होते आणि मामांचा पगार चालू राहतो. तडजोड दोघांच्या संमतीनं होते, तेव्हा अशी अट घालायला नवा कायदा लागणार नाही.

सरकारी आधाराचं थोडक्यात: संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे दीड हजारांचे अडीच हजार झाले, चांगलं झालं. मामांचे तीन दिवस. आणि लोकलमधून पडून मणका मोडला तर रेल्वेच्या नियमांत २०१७ पासून कमाल आठ लाख, त्यापुढे काही नाही, गुणक नाही, मदतनीस नाही. तोच मणका बसच्या धडकेत मोडला तर हिशेब वेगळा. रेल्वेशी वेगळं भांडावं लागेल. हे पत्र त्यासाठी नाही.

आपल्या हातात काय आहे? माझ्या समजुतीप्रमाणे बरंच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम २० सांगतं की लोक अदालतीनं न्याय, समन्याय आणि उचित व्यवहार यांना धरून चालावं. म्हणजे दोन्ही बाजू तयार असल्या तरी अपुरी तडजोड समोर आली तर ‘आज नको, आधी हिशेब आणा’ असं म्हणायला पॅनेल मोकळं आहे. कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्या मदतीत वकिलासोबत एका थेरपिस्टची घरभेट बसवता येईल. घर बघून अहवाल द्यायचा: रोजचे किती तास, कोणत्या कामासाठी, दिवसा किती, रात्री किती, महिन्याचं सामान, किती वर्षांनी काय बदलायचं, दरवाजा-संडासात काय फेरफार. हा अहवाल फायलीत नसेल तर दावा यादीवर घेऊ नये. तडजोडीत काळजीची रक्कम उत्पन्नापासून वेगळी लिहावी, म्हणजे घासाघीस कशावर झाली ते पुढे वाचणाऱ्याला दिसेल. मदतनिसाचा दर त्या शहरातल्या बाजारभावाचा असावा, गडचिरोलीत वेगळा, गोरेगावात वेगळा. आणि बेडसोरची शस्त्रक्रिया किंवा व्हीलचेअरची बदली असे ज्यांचा आज अंदाज बांधता येत नाही ते खर्च बिलाप्रमाणे पुढेही देण्याची अट कंपनीकडून मागून तर बघावी. मागितल्याशिवाय नकारसुद्धा मिळत नाही.

याने निकाली निघालेल्या दाव्यांचा आकडा थोडा खाली येईल, मला कल्पना आहे. एकेका लोक अदालतीत किती प्रकरणं मिटली आणि किती कोटींची तडजोड झाली याच्या बातम्या येतात, आणि चेक बाउन्स, थकीत वीजबिल, किरकोळ जखमा यांच्यासाठी ती घाई योग्यच आहे. पण मानेखाली निकामी झालेल्या माणसाची फाइल त्या गठ्ठ्यात नको. अशा फायली तुलनेनं थोड्या असतात. त्या बाजूला काढून दोन महिने उशिरा घेतल्या तर वार्षिक अहवालावर ओरखडाही उठणार नाही.

अहवालाचा नमुना माझ्याकडे तयार आहे, दीड पानाचा, मराठीत. आपल्या कार्यालयात आणून द्यायची माझी तयारी आहे आणि पहिल्या काही घरभेटी मी व माझ्या ओळखीचे थेरपिस्ट मानधनाशिवाय करू. विमा कंपन्यांच्या डॉक्टरांना त्यात बदल सुचवायचे असतील तर समोरासमोर बसून बोलू. फक्त शनिवार सोडून. शनिवारी माझ्या डोंबिवलीकडच्या भेटी असतात.

आपली,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट
परळ, मुंबई